हेमांगीचे आतले ऋतू

बाहेर पारा शून्याच्या खाली, फुटपाथवर ढीगभर बर्फ, मी दारात फावडं घेऊन उभी, आणि वरच्या मजल्यावरची हेमांगी दोन-दोन पायऱ्या एकदम उतरत ओरडली, "अगं, माझा वसंत सुरू झाला!"

तेव्हा जर्मनीत एर्लांगेनला राहायला येऊन आम्हाला जेमतेम आठवडा झाला होता. वर मराठी शेजार आहे म्हणून मी हरखून गेले होते. त्या क्षणी मात्र मनात म्हटलं, झालं, बाईच्या डोक्यावर थंडीचा परिणाम झालाय.

तसं काही नव्हतं. हेमांगीच्या आत तिचे स्वतःचे ऋतू चालतात. पाळी आली की हिवाळा. ती संपली की वसंत. मधले दिवस उन्हाळा, आणि तिथून पुढच्या पाळीपर्यंत पानगळ. बाहेरच्या हवेशी तिला काही देणंघेणं नाही. वसंतात ती पडदे बदलते, मातीकामाच्या क्लासला नाव घालते, पोहायला जाते आणि मलाही ओढून नेते. उन्हाळ्यात दिसेल त्याला जेवायला बोलावते. पानगळीत कपाटं आवरते आणि आवरता आवरता भांडते. हिवाळ्यात गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून सोफ्यावर पडते आणि फोनसुद्धा घेत नाही. पाळीला चांगलं म्हणून निम्मा महिना जवस आणि भोपळ्याच्या बिया खायच्या, निम्मा महिना तीळ आणि सूर्यफुलाच्या. आपण काही मधेच विचारलं की वाक्याला जर्मन 'हं, तर' जोडून म्हणणार, "आल्झो, ऋतू बघून बोल!"

तिचा नवरा मिलिंद गरीब माणूस. ऑफिसातून आला की आधी आमची बेल वाजवून विचारतो, "वहिनी, वर हवामान काय आहे?"

हे सगळं ती कुजबुजत सांगत असती तर एक वेळ ठीक होतं. पण हिचा आवाज म्हणजे इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला माइक लागत नाही असा. ती सॉफ्टवेअर टेस्टर आहे. एकदा भर मीटिंगमध्ये तिने साहेबाला सांगितलं, की मोठं टेस्टिंग माझ्या पानगळीत ठेवा, तेव्हा मला दुसऱ्यांच्या चुका लख्ख दिसतात. मी असते तर तिथेच जमिनीत गडप झाले असते. साहेब पक्का जर्मन. त्याने गंभीरपणे कॅलेंडर उघडलं आणि विचारलं, हे दर महिन्याला असतं का? मग आधी कळवत जा.

"गेनाऊ! अगदी बरोबर!" हे सांगताना हेमांगी टाळी देत मला म्हणाली. "या लोकांना काहीही चालतं गं, फक्त आधी कळवायचं!"

गेल्या वर्षी माझ्या सासूबाई सांगलीहून आल्या होत्या. त्यांच्या तरुणपणी त्या दिवसांत बाजूला बसावं लागे, हे ऐकून हेमांगीचे डोळे चमकले. "म्हणजे काकू, तुम्ही आमच्या आधीच हे करत होता! हिवाळ्याची विश्रांती!"

"कसली डोंबलाची विश्रांती," सासूबाई म्हणाल्या. "देवघरात आणि चुलीपाशी जायचं नाही एवढंच. अंगण झाडा, गोठा काढा, गोधड्या धुवा, ते सगळं आमच्याच गळ्यात."

हेमांगीने टाळीसाठी पुढे केलेला हात मागे घेतला. तेवढंच.

आता माझी मुलगी सई. बारा वर्षांची, इथेच वाढलेली, मराठी सगळं कळतं पण उत्तर जर्मनमध्ये. हेमांगी सगळ्यांदेखत तिला सांगायची, "तुझा पहिला हिवाळा आला ना, की मी पार्टी देणार! लाल केक, सगळ्या मावश्या, उखाणे, फोटो!" सई कानापर्यंत लाल व्हायची. घरी आल्यावर तिने मला शप्पथ घातली. "ममा, मावशीला कळता कामा नये. बिट्टे, प्लीज!" 'बिट्टे' सोडलं तर ही विनवणी चक्क मराठीत होती, म्हणजे प्रकरण फार गंभीर. मी वचन दिलं. हे गुपित सई सांगेल तेव्हाच बाहेर जाईल, एरवी नाही.

आणि ते झालं नेमकं मी म्युनिकला गेले त्या दिवशी. नवरा पुण्याला. मी परतीच्या ट्रेनमध्ये बसते तोच सईचा फोन, रडत. शाळेत पाळी आली. जीन्स खराब झाली. जॅकेट कमरेला बांधून ती कशीबशी घरी आली, तर किल्ली आतच. इथली दारं ओढली की बंद, किल्लीशिवाय बाहेरून उघडत नाहीत. पोरगी जिन्यात बसलेली, आणि माझी गाडी कुठल्याशा शेतात थांबलेली, कारण काय ते कुणी सांगेना.

"वर जा," मी म्हटलं.

"नाइन, ममा! नाही, नाही!"

"सई, दुसरं कुणी नाहीये गं."

फोन बंद झाला. मी सारखी मंडळाचा ग्रुप उघडून पाहत होते. आता अभिनंदन येईल, केकचा फोटो येईल, रडवेल्या सईचा फोटो येईल. माझी लेक मला जन्मात माफ करणार नाही. ग्रुपवर मात्र कुणीतरी कढीपत्ता कुठे मिळतो एवढंच विचारत होतं.

मी पोचले तेव्हा संध्याकाळ झाली होती. हेमांगीने दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. आतल्या सोफ्यावर सई हेमांगीचाच गाऊन घालून पडली होती. बाजूला मऊ भात-तुपाची रिकामी वाटी. केक नाही, मावश्या नाहीत.

हेमांगी मला बाथरूममध्ये घेऊन गेली. बेसिनमध्ये सईची जीन्स होती. हेमांगी थंड पाण्यात, हलक्या हाताने डाग चोळू लागली.

"कुणाला सांगू नकोस म्हणाली," ती म्हणाली. इतका हळू आवाज तिला आहे हे मला ठाऊकच नव्हतं. "मी मिलिंदलाही नाही सांगितलं. बाहेर जेवून ये म्हटलं त्याला."

"हेमांगी, तू..."

"मला मूल हवं होतं गं." ती जीन्सकडेच बघत होती. "किती डॉक्टर केले. दर महिन्याला पाळी आली की कळायचं, याही वेळी कुणी येणार नाहीये. असंच इथे उभी राहून कपडे धुवायचे आणि रडायचे. मग एक दिवस ठरवलं, ही काही यायची थांबत नाही, तर हिच्याशी भांडायचं तरी किती? दोस्ती केली."

तिने जीन्स पिळली, उजेडात धरून पाहिली. डाग गेला होता.

"आणि आज बघ," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा असा फुलला की मला रडू आलं. "आज ही आली, म्हणून माझ्या दारात एक पोर आलं."

तेवढ्यात आतून सईची हाक आली. मी आल्याचं तिला अजून कळलंही नव्हतं.

"मावशी, येतेस ना?"

चक्क मराठीत. हेमांगीने ओले हात अंगावरच्या गाऊनला पुसले आणि धावतच आत गेली.