घड्याळ किती पुढे आहे?

सॉफ्टवेअर चौथ्यांदा बसलं नाही, तेव्हा सून खुर्चीवरून उठली आणि पुन्हा बसली. क्ष-किरणांनी स्फटिकांची रचना शोधणं हे तिचं काम. प्रयोगशाळेतला संगणक सकाळीच बंद पडला होता. पाच वाजेपर्यंत स्फटिकाचा आलेख तिच्या मार्गदर्शक सरांकडे गेला नाही, तर मोठ्या यंत्रावरची तिची उद्याची पाळी दुसऱ्या गटाला जाणार होती. त्या पाळीसाठी ती वर्षभर थांबली होती. आता भिस्त घरच्या डेस्कटॉपवर.

आधी डिस्क भरलेली निघाली. मुलीचे खेळ उडवले. त्याचा जाब शाळा सुटल्यावर द्यावा लागणारच होता. मग अँटिव्हायरसने नवी फाइल गिळली. त्याला गप्प बसवलं, तर या सॉफ्टवेअरला आणखी एक जुनं सॉफ्टवेअर हवं झालं आणि त्या जुन्याला त्याहून जुनं.

“लग्नघर परवडलं,” नवरा मागून म्हणाला. “तिथे एकच आत्या रुसते.”

“तू मागे उभा राहू नकोस.”

अखेर सॉफ्टवेअर बसलं, त्याचा परवाना मंजूर झाला आणि पडद्यावर स्फटिक फिरू लागला. ती घोटभर पाणी पिऊन आली, तर स्फटिकाच्या जागी लाल चौकट: ‘घड्याळ मागे नेल्याचं आढळलं. परवाना स्थगित.’

“कोणी हात लावला?”

“मी फक्त मदत केली. आपोआप वेळ लावायचं बटण बंद दिसलं, चालू केलं.”

“म्हणजे घड्याळ पुढे होतं! किती?”

“ते नाही पाहिलं.”

तिने मदतकेंद्राला फोन लावला. “ताई, परवाना घेतला तेव्हा तुमच्या घड्याळात जी वेळ होती, ती उलटून गेली की आपोआप उघडेल,” तिकडचा माणूस म्हणाला. “तोवर घड्याळाला हात लावू नका. पुन्हा बदललंत तर कायमचं बंद.”

नवरा-बायकोने एकदमच बाहेरच्या खोलीकडे पाहिलं. तिथे सासरे वर्तमानपत्र वाचत होते. जन्मभर त्यांनी कारखान्यात हजेरी घेतली होती. घर वेळेवर निघावं म्हणून घरातली सगळी घड्याळं पुढे ठेवण्याचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. कोणतं किती पुढे, हे फक्त त्यांनाच ठाऊक.

“बाबा, संगणक किती पुढे होता?”

“सांगणार नाही.” वर्तमानपत्र हललं नाही. “मागे एकदा दहा मिनिटं म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून सगळं घर दहा वजा करायला लागलं.”

“चार वाजलेत बाबा. तासभर पुढे असेल, तर मला आत्ता मैत्रिणीच्या प्रयोगशाळेतल्या संगणकाकडे पळायला हवं. कमी असेल, तर इथेच थांबायला हवं.”

“अंदाज बांध. शास्त्रज्ञ आहेस ना?”

“वर्ष गेलंय माझं या पाळीसाठी.”

वर्तमानपत्र खाली आलं. सासरे मुलाकडे वळले. “तू गच्चीवर जा.”

“मी कशाला?”

“वजाबाकीत तूच पहिला असतोस.”

तो गेल्यावर सासरे सुनेच्या कानाशी पुटपुटले, “पंचवीस. सगळी घड्याळं. त्याला सांगायचं नाही, शपथ आहे.”

ती थांबली. थांबली म्हणजे कळफलक पुसला, ड्रॉवर लावला, खिडकी उघडली, लावली आणि लाल चौकटीला सात पिढ्यांवरून बोलून घेतलं. सासरे शेजारी हाताची घडी घालून उभे होते, कारखान्याच्या फाटकात उभं राहावं तसे. चौकट गेली. आलेख निघाला. पाचला थोडा अवकाश असतानाच तो सरांना पोचला.

सरांचा लगेच फोन आला. “तू? वेळेआधी? घरी सगळं ठीक आहे ना? उद्या नऊला ये. यंत्र कोणासाठी थांबत नाही.”

सकाळी नवरा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत धावतपळत निघून गेला. बिचाऱ्याला आकडा माहीत नव्हता. सुनेने मात्र पंचवीस वजा केले, निवांत चहा घेतला, केस विंचरले. ती चपला शोधत होती तेव्हा सरांचा फोन आला. तिने तो स्पीकरवर टाकला.

“कुठे आहेस? नऊ वाजले!”

तिने वर पाहिलं. घड्याळातही बरोबर नऊ वाजले होते.

“बाबा!”

“गुपित फुटल्यावर पुढे ठेवून काय उपयोग? रात्रीच सगळी बरोबर लावली.”

“मग मला सांगायचं तरी!”

“घड्याळाचं मी कधी सांगतो का?”

एका पायात चप्पल घालून ती दाराकडे धावली. फोनमधून सरांचा सुस्कारा ऐकू आला. “सावकाश ये. पाळी साडेनऊची आहे. तुला ओळखून नऊ सांगितलं होतं.”

सासऱ्यांनी वर्तमानपत्र उघडलं. “शहाणा माणूस आहे,” ते म्हणाले.