नव्या सेडानची मागची बाजू

"नव्या सेडानचा मागचा दिवा म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच लांब लाल पट्टी असणार! तसं नाही निघालं, तर मी गाड्यांवर बोलणं सोडून देईन!"

असं म्हणून भाऊजींनी दुकानाच्या काउंटरवर मूठ आपटली. त्या दणक्याने गिऱ्हाइकांना तोंड दाखवायचा छोटा आरसा मान डोलावून हो म्हणाला, पण वहिनी फ्रेम पुसता पुसता म्हणाल्या, "लेखी देता का?"

दुकान चष्म्यांचं. भाऊजी खरं म्हणजे एकट्या मेहुण्याचे भाऊजी; पण शेजारच्या गाळ्यात घड्याळं दुरुस्त करणाऱ्या या मेहुण्याचा आवाज असा खणखणीत, की ऐकून ऐकून सगळी गल्लीच त्यांना भाऊजी आणि त्यांच्या बायकोला वहिनी म्हणायला लागली होती. दुपारी गिऱ्हाईक थंडावलं की मेहुणा कपाळावर भिंग तसंच ठेवून यायचा, वरच्या मजल्यावरून दातांच्या डॉक्टरीणबाई उतरायच्या, आणि अजून बाजारातसुद्धा न आलेल्या गाडीवरून तिघं हमरीतुमरीवर यायचे. तिघांत मिळून भाऊजींची एक जुनी, खोकणारी छोटी गाडी होती, डॉक्टरीणबाईंची स्कूटर होती, आणि मेहुण्याकडे मतं होती!

"दिव्याचं सोडा हो," मेहुणा म्हणाला. "इंजिन बघा! सहा सिलिंडर असणार. एवढी मोठी गाडी आणि चार सिलिंडर? भिंतीवरच्या घड्याळाला मनगटावरच्या घड्याळाचं मशीन बसवण्यातला प्रकार!"

"चारच असणार, जोडीला बॅटरीची मोटर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण मला काळजी आहे ती समोरच्या जाळीची. एवढी मोठी करून ठेवलीये म्हणतात! माझ्याकडे असा पेशंट आला, तर मी आधी तारा बसवीन."

"पण छपराची ती रेघ ऐकलीत का?" भाऊजी एकदम हळवे झाले. "पुढच्या काचेवरून निघते ती थेट डिकीपर्यंत. मध्ये कुठे अडखळत नाही म्हणे!"

भांडण कितीही पेटलं, तरी त्या रेघेपाशी आलं की सगळ्यांचे आवाज मऊ व्हायचे.

आणि नेमकी तेव्हाच ती गाडी दुकानासमोर येऊन थांबली!

थांबली म्हणजे काय, आवाजच नाही! अंगभर काळीपांढरी नागमोडी नक्षी चिकटवलेली, कुठे काय आहे ते कळू नये म्हणून. बघणाऱ्याचे डोळे गरगरावेत असं ते रूप. पण छपराची ती रेघ! ती काही नक्षीला लपवता आली नव्हती.

"चाचणीची गाडी!" मेहुण्याच्या कपाळावरचं भिंग घसरून डोळ्यावर आलं. "भाऊजी, हीच ती!"

गाडीतून कंपनीचं जाकीट घातलेल्या एक तरुण बाई उतरल्या. गाल धरलेला, डोळ्यांत पाणी. त्यांनी दातांच्या दवाखान्याची पाटी वाचली आणि तडक जिना चढल्या.

डॉक्टरीणबाईंचा चेहरा असा उजळला, की डॉक्टरने पेशंटकडे बघून इतकं खूश होणं बरं दिसत नाही. "दाढ दुखतेय बिचारीची," असं म्हणत त्या दोन दोन पायऱ्या चढत वर गेल्या. जाताना हळूच सांगून गेल्या, "इंजिनाचं मी विचारते!"

त्यांनी विचारलंही. पण सुई आधी दिली आणि प्रश्न नंतर विचारला. "सहा की चार?" याचं उत्तर आलं, "आऽऽऽ!" आता त्यातून काय समजायचं?

इकडे खाली भाऊजी आणि मेहुणा गाडीभोवती फेऱ्या मारू लागले. आधी लांबून, मग जवळून, मग इतक्या जवळून की भाऊजींच्या श्वासाने काच धुरकट झाली.

"हात लावू नका हं!" वहिनी दारातून म्हणाल्या.

"छे! आम्ही काय लहान आहोत?"

मागे आल्यावर मात्र भाऊजी थबकले. दिव्यावरच्या नक्षीच्या कागदाचा एक कोपरा सुटला होता. बोटाच्या पेराएवढाच. वाऱ्यावर फडफडत होता.

"बिचारीची गाडी," भाऊजी म्हणाले. "दाबून देतो, नाहीतर सगळंच सुटायचं."

आता त्यांनी तो कोपरा दाबला की ओढला, यावर पुढे पुष्कळ वाद झाला. भाऊजी अजून दाबला म्हणतात. एवढं मात्र खरं, की 'सर्रर्र' असा आवाज झाला आणि अख्खी पट्टी सुटून भाऊजींच्या हातात आली! हातातून सोडवायला गेले तर शर्टाला चिकटली, शर्टावरून काढली तर चष्म्यावर बसली. भाऊजी क्षणभर चाचणीची गाडी दिसू लागले.

"भाऊजी," मेहुणा कुजबुजला, "एक पट्टी नाही. दोन दिवे आहेत!"

भाऊजींनी चष्म्यावरचा कागद फाडून काढला आणि पाहिलं. खरंच दोन होते. बारीक, लांबट, टोकाला किंचित वर गेलेले, झोपेतून आत्ताच उठलेल्या कुणीतरी डोळे किलकिले करावेत तसे.

"हरलात!" मेहुणा म्हणाला.

"हरलो रे!" भाऊजींच्या आवाजात हरल्याची खूणही नव्हती. "पण काय काढलेत! कुणाचा हात असेल हा?"

इतक्यात बाई जिना उतरून आल्या. गाल बधिर, ओठ एका बाजूला लोंबलेला. उघडा दिवा पाहिला मात्र, त्यांनी डोक्याला हात लावला आणि ओरडल्या, "फोफो! फोफो!"

"गाडीचं नाव फोफो आहे!" मेहुणा आनंदाने म्हणाला.

"हाहा! हाहा!" बाई दोन्ही हात नाचवत ओरडल्या.

"हसतायत! रागावल्या नाहीत!" म्हणून मेहुणाही हसायला लागला.

मागून डॉक्टरीणबाई धावत आल्या. बधिर तोंडाची भाषा समजण्यात त्यांची हयात गेलेली. "अहो, झाका म्हणतेय ती! फोटो निघेल, झाका! दिवा बाहेर दिसला तर हिची नोकरी जाईल!"

भाऊजींच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. गल्लीत लोक जमू लागले होते. समोरच्या केशकर्तनालयातून अर्धी दाढी झालेला एकजण फेसासकट मोबाईल उगारून निघाला होता. आपल्या बोटांच्या खाजेपायी या मुलीचं पोट मारलं जाणार! पुढचं भाऊजींनी विचार करून केलं नाही. ते सरळ धावले आणि दोन्ही हात पसरून गाडीच्या मागच्या अंगाला घट्ट मिठी मारली. एक दिवा एका हाताखाली, दुसरा दुसऱ्या हाताखाली!

"चिकटपट्टी आणा!" ते गाडीला गाल लावून ओरडले.

बाईंनी खिशातून किल्ली काढली. चिकटपट्टी डिकीत होती. डिकीच्या झाकणावर दिवे होते, आणि दिव्यांवर भाऊजी. बाईंनी बटण दाबलं.

डिकी उघडू लागली. हळूहळू, अगदी अदबीने, आणि तिच्याबरोबर भाऊजीही वर जाऊ लागले! आधी टाचा सुटल्या, मग चवडे. पण मिठी सुटली नाही.

"सोडा, पडाल!" वहिनी ओरडल्या.

"नाही सोडणार!" वरून आवाज आला. आणि मग, न राहवून, "अगं, काय उघडते ही! कुरकुर नाही, धक्का नाही! माझ्यासकट!"

डॉक्टरीणबाईंनी आतून चिकटपट्टीचं रीळ काढलं. बाईंनी डिकी खाली आणली, आणि भाऊजी अलगद जमिनीवर टेकले. मग भाऊजी इंचाइंचाने सरकत गेले आणि त्यांच्या मागोमाग डॉक्टरीणबाई पट्ट्या लावत गेल्या. शेवटच्या पट्टीपर्यंत दिव्याचा ठिपकासुद्धा कुणाला दिसला नाही.

भाऊजींनी हात जोडले. "चूक माझी. बघायचा मोह झाला. मी काय पाहिलं ते कुणाला सांगणार नाही. पण एक बोलू का? ज्याने ते काढलेत ना, त्याला सांगा, फार सुंदर आहेत."

बाईंचा राग निम्मा उतरला असावा. कारण त्या स्वतःकडे बोट दाखवून अर्ध्या ओठाने हसल्या. "हीफ," त्या म्हणाल्या.

"मीच, म्हणतेय," डॉक्टरीणबाई हलकेच म्हणाल्या.

गाडी निघाली ती बॅटरीवर, बिनआवाजी. कोपऱ्यावर मात्र कुठेतरी खोल, मखमलीसारखा एक हुंकार उमटला.

"सहा!" मेहुणा म्हणाला.

"चार!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

संध्याकाळी गाडीवेड्यांच्या ग्रुपवर फोटो आला. फेसवाल्याने धावत काढलेला, धूसर. त्यात डिकी अर्धी वर, आणि तिला पाठमोरे लटकलेले भाऊजी. चेहरा नाही, दिवा नाही. छपराची रेघ तेवढी कडेने दिसत होती; बाकी सगळा भाऊजींचा मागचा भाग, मावेल तेवढा!

खाली तज्ज्ञांची झुंबड उडाली होती. बाकी गाडीवर सगळे फिदा. रेघेला तर हात जोडणाऱ्यांची रांग लागलेली. पण मागच्या भागावर एकमत होतं. वहिनी मोठ्याने वाचत होत्या. "'दिवे झाकायला काहीतरी फुगीर आवरण घातलेलं दिसतं.' 'मागची बाजू अपेक्षेपेक्षा फारच रुंद.' 'इतक्या नाजूक गाडीला हे बूड? डिझायनरला काढून टाका!'"

भाऊजी ताडकन उठले. त्या मुलीला नावं? त्यांनी रागारागाने टाइप केलं, "मागची बाजू अत्यंत रेखीव आहे, मी स्वतः..." आणि बोट थांबलं. शब्द दिला होता. सांगता येईना, सोसवेना. डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी राहिलं.

वहिनींनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मग मोबाईल काढून घेतला, त्यांचं लिहिलेलं पुसलं, आणि स्वतः एकच ओळ टाकून दिली:

"गाडीच्या डिझायनरला बोलू नका. फोटोत मागे दिसतंय ते आमच्या ह्यांचं आहे."