मयेकरांच्या घरातला पाहुणे मोड

"आज संध्याकाळी हे सगळं बंद पाहिजे," विनया मयेकर म्हणाली. तिच्या एका हातात तिळाच्या वड्यांचं ताट होतं आणि दुसऱ्या हाताचं बोट छताकडे होतं. "सगळं म्हणजे सगळं. दिवे मी लावीन, पंखा मी लावीन, दार मी उघडीन. घराने मध्ये तोंड घालायचं नाही."

जितेश ऑफिसला निघायच्या घाईत होता, पण घराचा विषय निघाला की त्याची घाई कुठच्या कुठे जाई. बूट हातात तसाच धरून त्याने समजुतीच्या सुरात सांगितलं की सगळंच बंद करता येणार नाही, कारण भिंतीवरची बटणं त्यानेच दिवाळीत काढून तिथे गुळगुळीत काचा बसवल्या आहेत. त्यापेक्षा तो घराला 'पाहुणे मोड'वर टाकून जाईल. त्या मोडमध्ये घर कोणाला काही विचारत नाही, मुकाट्याने आपलं काम करतं.

"नक्की?"

"अगं, मी स्वतः बनवलंय ते."

विनयाला काळजी नेमकी त्याचीच होती.

जितेशला हा नाद लागायला कारण घडलं होतं. विरारला फुलपाड्यात हा फ्लॅट नवीन घेतला तेव्हा एकदा जेवताना विनया सहज म्हणाली, "तुझे केस पुढून विरळ झालेत रे." ताक पिऊन होईपर्यंत त्याच्या मोबाईलवर केस उगवणाऱ्या तेलाची जाहिरात हजर. त्या दिवसापासून त्याचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. कोणीतरी ऐकतंय, या विचाराने तो झोपेत कूस बदलत राही आणि जागेपणी बायकोशी कुजबुजत बोले. बाजारातली बोलणारी यंत्रं घरात आणायची नाहीत, पण घर हुशार तर पाहिजे. म्हणून त्याने एक जुना लॅपटॉप देव्हाऱ्याखालच्या कपाटात ठेवला आणि त्यालाच घराचा कारभारी नेमलं. दिवे, पंखे, पाण्याची टाकी, बोटाच्या ठशावर उघडणारं दाराचं कुलूप, सगळं त्या लॅपटॉपच्या हुकमात. बाहेरच्या कुठल्याही कंपनीशी काडीचा संबंध नाही. घराला बोलायला आवाज हवा होता, तोही त्याने परका घेतला नाही, स्वतःचाच दिला. त्यामुळे जितेश अंधेरीला ऑफिसात असला तरी त्याचा आवाज दिवसभर घरातच असे, आणि विनयाला नवऱ्यापासून सुट्टी म्हणून कधी मिळत नसे.

इथवर तिने सोसलं. पण त्याने दाराबाहेर कॅमेरा लावला आणि तिची बिल्डिंगमधली उठबसच संपली. समोरच्या फ्लॅटमध्ये सोसायटीच्या सेक्रेटरींच्या पत्नी सुमेधाताई राहत. त्या कचऱ्याचा डबा ठेवायलासुद्धा कॅमेऱ्याकडे पाठ करून बाहेर येऊ लागल्या. तक्रार झाली, मीटिंग झाली. मीटिंगमध्ये जितेशने उभं राहून सगळ्यांना खात्री दिली की तुमचा डेटा माझ्या घराबाहेर कधीच जाणार नाही. लोकांनी त्यातलं एवढंच ऐकलं की आपला डेटा मयेकरांच्या घरात आहे.

तेव्हापासून विनयाकडे कोणी विरजण मागायलाही येत नसे. तिचं माहेर आगाशीचं. तिथे भरदुपारी दार लोटलेलं दिसलं तर शेजारी 'काय, बरं नाही का' म्हणून विचारायला येतात. इथे तिचा दिवस त्या बंद दाराकडे बघण्यात जाई. तिला फार एकटं वाटत होतं, आणि जितेशला ते सांगायला गेलं की तो म्हणे, "एकटी कुठे, घर आहे ना बोलायला."

शेवटी तिने संक्रांतीचं हळदीकुंकू घालायचं ठरवलं. स्वतः घरोघरी जाऊन आमंत्रणं केली. सुमेधाताई दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "येईन. पण कॅमेरा चालू दिसला तर उंबऱ्यावरूनच परत जाईन, आधीच सांगते." सुमेधाताई आल्या तर सगळ्या येणार, आणि त्या परत गेल्या तर या बिल्डिंगमध्ये पुन्हा कोणी तिच्या दारात उभं राहणार नाही, हे विनयाला पक्कं ठाऊक होतं.

संध्याकाळी तिने पाकिटातली सगळ्यात मोठी टिकली काढली आणि कॅमेऱ्याच्या डोळ्यावर चिकटवली. सुमेधाताई आल्या, टिकलीकडे बघितलं, आणि चपला काढून आत आल्या. विनयाच्या जिवात जीव आला. त्यांच्यामागून बाकीच्या आल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या मार्गारेट आंटी काळा ड्रेस घालून आल्या, कारण संक्रांतीला काळं घालतात एवढं त्यांना माहीत होतं. तळमजल्यावर मुलाकडे राहणाऱ्या, मूळच्या चांदीप गावच्या रंभाकाकी आल्या आणि त्यांनी पंख्याखालची जागा धरली. हॉलमध्ये काळ्या साड्यांची दाटी झाली. डास येतात म्हणून खिडक्या लावलेल्या. उदबत्ती, अत्तर, गजरे, पावडर यांचा मिळून एक दणदणीत वास सुटला. विनया हळदीकुंकवाची परात घेऊन उभी राहिली. हातून काही सांडू नये, कोणी राहून जाऊ नये, म्हणून तिची नुसती धांदल चालली होती. तरी बायका बोलू लागल्या होत्या. सुमेधाताईंनी तर वडी कशी केली म्हणून विचारलं.

भिंतीवर कोपऱ्यात हवा तपासणारी एक पांढरी डबी होती. इतका श्वास आणि इतका धूर तिने जन्मात पाहिला नव्हता. तिने लॅपटॉपला कळवलं की हवा बिघडली आहे, आणि लॅपटॉपने मुकाट्याने आपलं काम केलं. हॉलचा पंखा एकदम पाचवर गेला.

परातीतली हळद आधी उठली, तिच्या पाठोपाठ कुंकू. क्षणभर कोणाला कोणी दिसेना. दिसू लागलं तेव्हा सगळ्या काळ्या साड्या पिवळ्या-लाल झाल्या होत्या आणि रंभाकाकींचे पांढरे केस भांगासकट लाल झाले होते. विनया भिंतीकडे धावली. काचेवर बोट आपटलं, काही झालं नाही. मग ती छताकडे बघून ओरडली, "पंखा बंद कर!"

छतातून जितेशचा आवाज आला, शांत आणि अदबशीर. "माफ करा. पाहुण्यांच्या सूचना घेता येत नाहीत. कृपया घरातल्या माणसाला बोलवा."

सगळ्या बायका पंख्याकडून वळून विनयाकडे बघू लागल्या.

"अगो, तू कोन मग?" रंभाकाकींनी विचारलं.

मागच्या मे महिन्यात जितेशचा भाचा प्रितेश राहायला आला होता आणि त्याने ओरडून ओरडून घरातले दिवे रात्रंदिवस नाचवले होते. म्हणून जितेशने पाहुणे मोडमध्ये कोणाचंही ऐकायचं नाही अशी व्यवस्था केली. फक्त त्याच्या मोबाईलवरून, तोही घरात असताना, हुकूम चालणार. त्यातून बायकोला वगळायचं राहून गेलं होतं.

विनयाने फोन लावला. चारचौघींत ती नवऱ्याला अहो-जाहो करी.

"अहो, पंखा थांबत नाहीये. तुम्ही तिथून बंद करा."

"इथून नाही होणार गं. बाहेरून कोणालाच आपल्या घरात शिरता येत नाही."

"तुम्हालाही नाही?"

"मलाही नाही," जितेश म्हणाला, आणि त्याच्या आवाजात अभिमान होता. "तीच तर गंमत आहे."

"अरे, गंमत काय गंमत! इकडे माझ्या बायका पिवळ्या झाल्यात!"

त्याने मग मेन स्विच पाडायला सांगितलं. तिने पाडला. दिवे गेले, पण पंखा राहिला, कारण विरारची वीज बेभरवशाची म्हणून जितेशने हॉलचा पंखा आणि तो लॅपटॉप इन्व्हर्टरवर घेतला होता. आणि वीज गेली की चोरांचं फावतं, असा त्याचा सिद्धांत होता. त्यामुळे घर पुन्हा बोललं, "वीज गेली आहे. दार सुरक्षित करत आहे," आणि कुलपाचा खटका जोरात पडला.

विनया अंधारात चाचपडत बाल्कनीत गेली आणि इन्व्हर्टर बंद केला. त्याला साधं बटण होतं, कारण ते काम जितेशचं नव्हतं. पंखा थांबला. देव्हाऱ्यातली समई तिने हॉलमध्ये आणून ठेवली. तिच्या उजेडात सगळ्यांनी एकमेकींकडे पाहिलं आणि सगळ्या एकदम निघाल्या.

दार उघडायला आतूनही बोट लागत असे. विनयाने बोट ठेवलं. संध्याकाळभर ते हळदीकुंकवात बुडालेलं बोट. कुलपाने लाल दिवा दाखवला. तिने बोट पदराला पुसलं, पण पदरावर तरी काय होतं, हळदच. दुसऱ्यांदा लाल. मार्गारेट आंटींनी रुमाल दिला, तोही कुंकवात न्हालेला. तिसऱ्यांदा लाल दिवा लागून तसाच राहिला. तीन वेळा चुकीचं बोट लागलं की कुलूप अर्धा तास कोणाचंच ऐकत नाही, हे फोनवरून जितेशने सांगितलं आणि तो निघालो, निघालो म्हणाला. कुलपाला स्वतःचे सेल होते, ते उतरायला अजून वर्ष होतं.

"मी म्हणत होते ना," सुमेधाताई म्हणाल्या. त्या मोठ्याने बोलल्या नाहीत, म्हणून ते जास्त लागलं. "हे असलं घर. शेजाऱ्याला बघायला डोळा आहे, आणि घरच्या बाईला ओळखायला नाही. मुलाची शिकवणी सुटेल आता, त्याच्याकडे किल्ली नाही. पुन्हा मला बोलावू नका हो, हात जोडते."

बाकीच्या सुमेधाताईंच्या मागे सरकल्या, म्हणजे त्यांच्याच बाजूच्या झाल्या. वाण म्हणून आणलेल्या चहाच्या गाळण्या टोपलीत तशाच पडल्या होत्या. तिने एक उचलून सुमेधाताईंपुढे धरली, त्यांनी ती घेतली नाही.

रंभाकाकी मात्र परत आपल्या जागेवर जाऊन बसल्या होत्या. "दार उघडल तवा उघडल," त्या म्हणाल्या. "मना वान दे आनि पानी दे. आनि नाव घे बघू. नाव घेतल्याबिगर हलदीकुकू होते का?"

विनयाला नाव घ्यायचा मूड अजिबात नव्हता. तिला त्या नावाचा गळाच धरायचा होता. पण काकींना नाही कसं म्हणायचं. ती समईजवळ उभी राहिली आणि जे मनात खदखदत होतं तेच बाहेर आलं,

"हळदीनं माखलं बोट, दार काही उघडेना,
जितेशरावांचं घर काही बायकोला ओळखेना."

आधी मार्गारेट आंटी हसल्या. त्यांना थांबवता येईना, त्या सोफ्यावरून खाली आल्या. मग एकेक करत सगळ्या हसल्या. सुमेधाताईंनी ओठ घट्ट दाबून बराच दम धरला, पण समोर आरशासारखी काच होती, तिच्यात त्यांना समईच्या उजेडात आपलं पिवळं नाक दिसलं आणि त्यांचाही धीर सुटला. हसता हसता त्या खाली बसल्या, आणि डोळे पुसून म्हणाल्या, "आमच्याकडचं सांगू? आमच्याकडचं यंत्र पन्नास वर्षांचं आहे, आणि तेही कोणाचं ऐकत नाही." मग त्यांनी सेक्रेटरीसाहेबांवर असा उखाणा घेतला की तो सोसायटीच्या कुठल्याच इतिवृत्तात येणार नाही.

एरवी हळदीकुंकू म्हणजे बसायचं नसतंच. टेकायचं, वाण घ्यायचं, पुढच्या घरी पळायचं. आज पळायला जागाच नव्हती. वड्या संपल्या, विनयाने गॅसवर चहा टाकला, गाळण्यांचं उद्घाटन झालं. कोणाच्या सासूची, कोणाच्या गुडघ्याची, कोणाच्या ऑफिसातल्या साहेबाची अशी सगळी हकिकत निघाली. कुलपाचा अर्धा तास कधीच उलटून गेला होता, पण त्याची आठवण कोणालाच नव्हती. विनया मध्ये बसून ऐकत होती आणि तिला फार बरं वाटत होतं.

जितेश धापा टाकत वर आला तेव्हा दाराबाहेर बिल्डिंगमधले सगळे नवरे उभे होते. कोणाला किल्ली हवी होती, कोणाला जेवण. सुमेधाताईंचा मुलगा दप्तरावर बसला होता. आतून हसण्याचा आवाज येत होता आणि त्याने नवरे जास्तच अस्वस्थ झाले होते. जितेशने कपाळाचा घाम पुसला, बोट ठेवलं, हिरवा दिवा लागला. दार उघडलं. समईभोवती बसलेल्या लाल-पिवळ्या बायकांनी वळून पाहिलं. उठलं कोणीच नाही.

सुमेधाताईंनी तेवढी घराची किल्ली मुलाकडे टाकली. "भावजी, दार लोटून घ्या ना," त्या म्हणाल्या. "वाऱ्याने समई विझेल. अजून दोघींची नावं घ्यायची राहिलीत."

जितेशने दार लोटून घेतलं, बाहेरून. नवऱ्यांच्या रांगेत तोही उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी विनया भांडली नाही. चहा देताना तिने सांगितलं की बिल्डिंगमधल्या सगळ्या बायकांची बोटं कुलपात घालायची. म्हणजे एकीच्या बोटाला हळद लागली तर दुसरीचं चालेल.

जितेशचा चहा निवला. "अगं, बोटं कशी देणार? मग कुलपाला अर्थ काय राहिला? सिक्युरिटी म्हणून काही..."

"काल घराने मला पाहुणी म्हटलं," विनया म्हणाली. "सगळ्या बायकांसमोर. तुझ्या आवाजात. माझ्या घरात."

जितेशने निवलेला चहा एका घोटात संपवला. रविवारी बायका रांगेने आल्या आणि आपापली बोटं देऊन गेल्या. रंभाकाकींनी सावधगिरी म्हणून दोन दिली. प्रत्येक बोटाला हिरवा दिवा लागला की जितेश डोळे मिटून घेई.

पुढच्या आठवड्यात एकदा तो ऑफिसातून जरा लवकर आला. दाराबाहेर चपलांचा ढीग होता. बोट ठेवून तो आत शिरला, तर त्याच्या खुर्चीत रंभाकाकी हरभरे सोलत होत्या आणि मार्गारेट आंटी त्याच्या टेबलावर ड्रेसचं कापड बेतत होत्या. विनया कुठे दिसेना. स्वयंपाकघरातून सुमेधाताई हात पुसत बाहेर आल्या.

"या, या भावजी. विनया जरा खाली बाजारात गेलीय, येईलच एवढ्यात," त्या म्हणाल्या. "बसा ना. संकोच करू नका. पाणी देऊ का?"

जितेश सोफ्याच्या कडेवर टेकला. बॅग त्याने मांडीवर घेतली.

"नको," तो म्हणाला. "मी थांबतो ती येईपर्यंत."