पुंजाराम मामांची घरपाहणी

घर विकत घ्यायला निघालेला माणूस कुणी मोजपट्टी बरोबर नेतो, कुणी वास्तुशास्त्र कळणारा मेव्हणा नेतो. पुंजाराम मामा स्टीलची वाटी न्यायचे. तीही रिकामी.

आमच्या दारात ते पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा रविवारची सकाळ होती. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी आणि चेहऱ्यावर चाळीस वर्षांचं येणंजाणं असल्याचा भाव. वाटी पुढे धरून म्हणाले, "साखर मिळंल का जराशी?" माझ्या बायकोने, वंदनाने, वाटी घेतली, भरून आणून दिली आणि मग मला आत बोलावून विचारलं, "कोण हो हे?" मी इतका वेळ समजत होतो की ते तिच्या माहेरचे कुणी असतील.

मामांनी वाटीत पाहिलं, आम्हा दोघांकडे पाहिलं आणि मान हलवली. "बराबर हाये," ते म्हणाले. दारावरच्या पाटीवर माझी शाळा वाचून त्यांनी मला सर करून टाकलं होतं. "आता सांगा सर, तुमच्या शेजारचं घर विकायचं हाये म्हणत्यात, खरं का?"

मामा मूळचे भोकरदन तालुक्यातल्या धावड्याचे. एसटीत वाहक म्हणून सगळी नोकरी झाली, निवृत्त झाले आणि जुन्या जालन्यात दोन खोल्यांत भाड्याने राहत होते. मालकाने ती जागा बिल्डरला दिली आणि दिवाळीच्या आत खोल्या रिकाम्या करा म्हणून सांगितलं. मामांनी ठरवलं, भाड्याचं बास झालं, आता स्वतःचं घर घ्यायचं. निवृत्तीची पुंजी हातात होती. या वयात बँक कर्ज देणार नव्हती आणि दिलं असतं तरी मामांनी घेतलं नसतं. म्हणजे त्या पुंजीत बसेल असं घर, तेही दिवाळीच्या आत.

हे बोलायला सोपं आहे. नवा महामार्ग जवळून गेला, स्टीलचे कारखाने वाढले, तेव्हापासून आमच्या जालन्यात ज्याच्याकडे चार भिंती आहेत तो जमिनीपासून दोन बोटं वर चालतो. परवडेल असं एखादं घर दाखवायला उघडलं की दारात सहा मोटारसायकली लागतात. सकाळी पाहिलेल्या घराचा दुपारी इसार झालेला असतो. अशा बाजारात झटपट निर्णय घेणाऱ्याचं काम. आणि मामा आधी शेजाऱ्यांकडे साखर मागायला जायचे.

त्यांना घरं दाखवायचं काम शकीलभाईंकडे होतं. हे दलाल स्वभावाने अतिशय शांत, निदान मामा भेटेपर्यंत तरी होते. स्टेशनच्या बाजूला त्यांनी मामांसाठी एक घर शोधलं होतं. बोअरला पाणी, कागदपत्रं स्वच्छ, भाव मामांच्या आवाक्यात. मामा घरात गेलेच नाहीत. थेट शेजारची बेल दाबली. जाळीच्या दाराआडून आवाज आला, "कोपऱ्यावर किराणा दुकान आहे." मामा परत फिरले. "घर बराबर हाये, पण शेजार बिलकुल बराबर न्हाई. चला."

"मामा, आप घर देखो ना. शक्कर मैं ला के देता," शकीलभाई काकुळतीला येऊन म्हणाले. तासाभरात ते घर दुसऱ्याने घेतलं.

पुढच्या आठवड्यात नेमकं उलटं झालं. शेजारीण साखर तर द्यायला निघालीच, वर मामांना बसवून घेतलं, चहा ठेवला, पोहे टाकले. धावड्याजवळच तिचं माहेर निघालं. मामा तृप्त होऊन बाहेर आले, "हे घर पक्कं" म्हणाले, आणि पाहतात तर शकीलभाई मोटारसायकलवर डोकं धरून बसलेले. पोहे भिजत होते तेवढ्यात एका कापड दुकानदाराने इसार देऊन टाकला होता. मामांना वाईट वाटलं. पण पोहे चांगले होते हे त्यांनी मला तीनदा सांगितलं.

एकाने अर्धीच वाटी दिली, ते घर बाद. एकीने "कशाला पाहिजे?" असं विचारून दिली, तेही बाद. आणि बाद केलेल्या घराच्या शेजाऱ्यालासुद्धा मामा दोन दिवसांनी वाटी भरून साखर परत करून यायचे. "आणली व्हती, द्यायला नको?" जिथे कधीच राहायला जाणार नव्हते अशा गल्ल्यांमधूनही लोक त्यांना रामराम घालायला लागले.

आमच्या घरी त्यांचं येणं वाढलं, कारण शेजारचं घर त्यांच्या मनात भरलं होतं. ते परतूरच्या एका अडत्याचं. मुलांच्या शिक्षणासाठी बांधलं, मुलं पुण्याला निघून गेली, घर दोन वर्षं बंद. किल्ल्या माझ्याकडे होत्या. मी भूगोलाचा शिक्षक असल्यामुळे मला प्रत्येक गोष्ट समजावून सांगायची सवय आहे. मी मामांना एन. ए. म्हणजे काय इथपासून नळाला पाणी कितव्या दिवशी येतं इथपर्यंत सगळं सांगितलं. घर घेताना या गोष्टी बघायच्या असतात, शेजारी काय, आज आहेत, उद्या बदली होऊन जातील.

मामांनी माझं सगळं ऐकून घेतलं. तिकिटाला सुट्टे नसलेल्या प्रवाशाचं ऐकावं तसं.

"सर, माझा बाप मेंढरं घेऊन फिरायचा," ते म्हणाले. "चार दिस ह्या वावरात, चार दिस त्या वावरात. जागा सारखी नवी. पण तळावर बिऱ्हाडं तीच पाच. माय तापानं पडली तर शेजारच्या पालातून भाकरी यायची, कोणाला सांगावं लागत नव्हतं. आम्हाला घर नव्हतं सर, शेजार व्हता. आता घर भेटंल पैशानं. शेजार कोणत्या दुकानात भेटतो?"

मी चहा मागवला.

मग एक अडचण आली. छत्रपती संभाजीनगरहून एक साहेब ते घर पाहून गेले. चारचाकी, काळा चष्मा, बोलणं मोजकं. मामांपेक्षा बरंच जास्त द्यायला तयार, बँकेचं कर्ज काढून. अडते गुरुवारी जालन्याला येऊन इसार घेणार होते. दिवाळी तीन आठवड्यांवर आली होती आणि मामांच्या पुंजीत बसेल असं दुसरं घर शकीलभाईंकडे उरलं नव्हतं. आता इथे एक कबुली देऊन टाकतो. मला मनातून साहेबच हवे होते. गल्लीत चारचाकी उभी राहिली असती, आमच्या घराचाही भाव वाढला असता. मामांना मी "बघू या, अडत्यांच्या मनात काय आहे" असं म्हणत राहिलो. माझ्या मनात काय आहे हे कुठे सांगत होतो?

मंगळवारी दुपारी मामा आले ते बायकोला घेऊन. गयाबाई. हिरवं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू, एक हात मामांच्या खांद्यावर. मी किल्ली घेऊन गेलो. मला वाटलं, बाईमाणूस आहे, आधी स्वयंपाकघर बघेल. पण मामांनी तिला आत नेलंच नाही. त्या घराच्या दारात उभं केलं, तिचा हात कुंपणाच्या भिंतीवर ठेवला आणि स्वतः बाजूला झाले.

"चल आता. हळूहळू. तिथं एक दगड हाये, तो मी काढून टाकीन. बस्स, भिंत सोडू नको. आता वळ."

गयाबाई भिंत चाचपत आमच्या फाटकापाशी आल्या. फाटकाला हात लागला तशा थांबल्या. "आलं का वं त्यांचं घर?"

"आलं," मामा म्हणाले.

वंदना बाहेर आली होती. तिने गयाबाईंचा हात धरून त्यांना ओट्यावर बसवलं.

"काचबिंदू," मामा मला म्हणाले, पुढचा थांबा सांगावा तसं. "दोन वर्षं झाली. उजेड तेवढा कळतोय. गेलेली नजर परत येत न्हाई म्हणले डॉक्टर. लेकरूबाळ न्हाई आम्हाला. मी हाये तवर हाये. मंग हिनं हाक मारली तर कोणीतरी यायला पाहिजे का नको? घर थोडंच ओ देतंय."

"मामा, हे आधी काहून नाही सांगितलं?" मीही त्यांच्याच बोलीत शिरलो होतो.

"आधी सांगितलं असतं तर तुम्ही दया करून साखर दिली असती, सर. मला बिनदयेची पाहिजे व्हती."

मला लाज वाटली. सरळ सांगतो, फार लाज वाटली. मी आत गेलो आणि परतूरला फोन लावला.

"अहो, साहेब जास्ती देऊन राह्यले, सर," अडते म्हणाले.

"देऊन नाही राह्यले, देतो म्हणून राह्यले. त्यांचं कर्ज मंजूर व्हायला दोन-तीन महिने लागतील, होईल की नाही तेही ठाऊक नाही. इथला माणूस आठ दिवसांत खरेदीखत करतो, सगळा पैसा एकदम." मग मी पुढे म्हणालो, "दोन वर्षं तुमच्या किल्ल्या सांभाळल्या. कधी काही मागितलं नाही. आता मला शेजारी निवडू द्या."

मग ते म्हणाले, "बरं. गुरुवारी घेऊन या त्यांना."

दिवाळीच्या चार दिवस आधी मामा राहायला आले. शकीलभाईंनी स्वतः टेम्पो आणला आणि दलाली अर्धीच घेतली. मामांपासून सुटका झाल्याचा आनंद आहे म्हणाले, पण मग संध्याकाळपर्यंत सामान लावत बसले.

पाडवा होऊन गेल्यावर एका दुपारी वंदना आणि मी चिवड्याचा डबा घेऊन शेजारी गेलो. गयाबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. पावलांवरूनच म्हणाल्या, "वंदनाताई का? सर बी आलेत वाटतं." आणि लगेच ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला. झोपलेत ते."

आत चटईवर मामा पाठ टेकून पडले होते. तोंड उघडं, टोपी बाजूला कलंडलेली, गाढ.

"माझी नजर गेल्यापून दुपारचे कधी झोपले न्हाईत," गयाबाई हळू आवाजात सांगत होत्या. "मी चुलीपाशी जाईन, भाजून घेईन, म्हणून भिंतीला टेकून बसून राह्यचे. बाहेर जाताना चूल विझवून जायचे. दोन वर्षं बसूनच काढली. आज जेवण झालं अन् म्हणले, 'गये, मी जरा पडतो. काही लागलं तर शेजारी हाक मार.'"

वंदनाने डबा त्यांच्या हातात दिला. आम्ही दोघं चपला हातात घेऊन घरी आलो.