विहिरीवरचं लिव्हरवर्ट

पाहुणी येणार म्हणून दामाजींनी विहिरीवरचा धुण्याचा दगड घासायला काढला. यात चुकलं काय, सांगा! मानपाड्यातल्या आगरी घरात पाहुण्यांना कधी कुणी घाण जागा दाखवलीय?

पाहुणी म्हणजे लेकीच्या, मेघालीच्या, कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या निशिगंधा मॅडम. आई गेल्यापासून मेघाली कामापुरतंच बोलायची. डोळ्यांतून टिपूस नाही. गेल्या आठवड्यात मात्र आईच्या त्या दगडावर तिला काहीतरी हिरवं दिसलं आणि पोरीला कंठ फुटला. "बाबा, हे शेवाळ नाय, लिव्हरवर्टय! शेवाळाच्या भावकीतलं इवलंसं झाड. पानांच्या दोन ओळी वर, पोटाशी तिसरी बारीक. नमुना घेतलाय पाकिटात. पण कुठली जात ते ठरवायला मॅडमना जागा बघायचीय."

लेक हसली, हे बघूनच दामाजी हरखले. झाड तर पाकिटात आहे, मॅडमना बघायचीय नुसती जागा. मग ती लखलखीत नको? मेघाली मॅडमना आणायला गेली तेवढ्यात ब्लीचिंग पावडर आली, तारेचा ब्रश आला. कडेनं रांगोळीसुद्धा काढून झाली.

"या मॅडम! जागा बघा, सगली चकाचक केलीय."

मॅडम भिंग घेऊन वाकल्या ते वाकलेल्याच राहिल्या. "अहो, पण लिव्हरवर्ट?"

"पाकिटात हाय ना!"

"बाबा, काय केलंत हे!" मेघाली मटकन खाली बसली आणि हमसून हमसून रडायला लागली.

दामाजी मॅडमकडे वळले. "परत उगवंल ना, मॅडम? मी रोज पानी घालीन."

"ओल आणि सावली तर हवीच. पण माणसाचा हातही लागायला नको. हा दगड कुणी वापरत नव्हतं का?"

"हिची आय जेली, तवापासून कुनी बसलाच नाय इथं." ते लेकीजवळ आले. "आता तर कुनाला फिरकूच देनार नाय. तुजा झाड येईल, पोरी."

"नको," मेघाली नाक ओढत म्हणाली. "आईची जागा ओस पडली तरच येणार ना ते? मग नको मला."

ती उठली, घरातून कपड्यांची बादली घेऊन आली आणि आईसारखी पाय दुमडून दगडाशी बसली.

"द्या तो शर्ट."

"अंगातला? मॅडमसमोर?"

"हो, अंगातला. किती मळलाय!"

मॅडमनी चटकन भिंग पर्समध्ये टाकलं आणि पाठ फिरवून डोळे पुसले. दामाजींनी शर्ट काढून लेकीच्या हातात दिला आणि बनियनवरच, रडत रडत, विहिरीतून पाणी शेंदायला लागले.