माणशी चार बदकांची मोहीम

फ्रीमाँटच्या गराजात वॉशिंग मशीनशेजारी विराजमान जो गजानन, त्याचे पायी मस्तक ठेवून लिहिण्यास आरंभ केला. शके १९१०, विभवनाम संवत्सरी, मार्गशीर्ष शुद्ध पक्षी, शनिवारचे दिवशी, सॅक्रामेंटो खोऱ्याचे दलदलीत जे घोर युद्ध जाहले, त्यात कोण पडले, कोण उभे राहिले आणि कोणी डोळे मिटून घेतले, ही साद्यंत हकीकत पुढील पिढ्यांस कळावी, कारण पुढील पिढ्या इंग्रजीतून उत्तर देतात आणि बापाचे पराक्रम त्यांस कोणी सांगत नाही.

तर फ्रीमाँट मुक्कामी प्रतापराव नामे सरदार, सनीव्हेलचे चिपांचे कारखान्यात बऱ्या हुद्द्यावर, रोज फ्रीवेवरून स्वारी करून जात आणि ट्रॅफिकचा मार खाऊन परत येत. त्यांचे सासरे राजारामबापू, मूळ भंडाऱ्याकडील, लेकीने ग्रीन कार्डावर मोठ्या मानाने आणविले. बापूंनी मुलूख पाहिला, लाल पूल पाहिला, मॉल पाहिला, तोच मॉल पुन्हा पाहिला, आणि मग सोफ्यावर बैठक मारून जाहीर केले की, येथे यंत्र भांडी घासते, यंत्र फोन उचलते, मला कोणी काही विचारत नाही, सबब संक्रांतीला मी आपल्या घरी. तिकिटाची बोलणी सुरू जाहली. त्याबरोबर बापूंची कन्या आणि प्रतापरावांची खावंदीण सुनेत्राबाई, यांनी ओट्यापाशी उभे राहून फर्मान सोडले, ते ऐसे: "बाबा गेले ना, तर बघ. काय करायचं ते कर, पण त्यांना इथं रमव."

बाईसाहेबांच्या "तर बघ" याचा अर्थ विचारण्याची छाती त्या मुलखात कोणाची नव्हती.

मग खलबत जाहले. बापूंनी तरुणपणी, सरकारी बंदी येण्यापूर्वी, भंडाऱ्याचे तलावांवर बदके मारिली होती आणि ती याद निघाली की त्यांचा चेहरा उजळे. येथे तर दर हिवाळ्यास परवाना काढून शिकार चालते. प्रतापरावांनी बदकांची मोहीम मुक्रर केली, आणि सासऱ्यांपुढे आपले वजन पडावे म्हणून जाता जाता सांगून टाकिले की, कॉलेजात एनसीसीत होतो तेव्हा नेमबाजीचे पदक मिळाले होते. वास्तविक ते पदक बँडात ढोल बडविल्याबद्दलचे होते. परंतु पदकावर ढोल कोरलेला नव्हता, हा त्यात प्रतापरावांचा गुन्हा काय?

मग सासरा-जावई मिळून हंटर सेफ्टीच्या क्लासात दाखल जाहले. तेथे बापूंनी कायदा मुखोद्गत केला आणि प्रतापरावांनी चिवडा खाल्ला. कायदा ऐसा की, माणशी दिवसास चार बदके, वर एक नाही. ज्याची त्याने मारावी. एकाने दुसऱ्याचे वाट्याची मारू नये. आणि ज्याची त्याने वेगळी ठेवावी. प्रतापरावांचे कानी यातील "माणशी चार" एवढेच गेले आणि त्यांनी लगेच पाढा म्हटला: दोघांची आठ, तिघांची बारा. सबब तिसरा माणूस पाहिजे. शेजारच्या क्युबिकलचे मानकरी दिगंबरपंत यांस त्यांनी कँटीनमध्ये गाठले. दिगंबरपंत इतके कडक शाकाहारी की वाढदिवसाच्या केकात अंडे आहे काय, हे बेकरीत फोन करून विचारीत. प्रतापराव म्हणाले, "तू फक्त क्लास कर, लायसन्स काढ आणि पोहे आण, यार. मारायचं बाबा बघतील." पोहे उत्तम होत असल्याने दिगंबरपंत सामील जाहले.

मग शनिवारी टोयोटा व्हॅनीत तीन बंदुका, थर्मास, पोह्यांचा डबा आणि प्लॅस्टिकच्या बदकांचे गाठोडे भरून फौज निघाली, ती उजाडता दलदलीत पोहोचली. छातीपर्यंतच्या रबरी विजारी चढविल्या, तेव्हा तिघेही सरदार पाण्याच्या टाकीसारखे दिसो लागले. प्लॅस्टिकची बदके पाण्यावर सोडिली, की खऱ्या बदकांनी आपले भाईबंद समजून खाली यावे. ही फितुरी त्या मुलखात कायदेशीर आहे. आणि मग बोरूचे बेटात दडून बसले.

बापूंनी बंदूक खांद्यास लाविली आणि चार बारांत तलवार जातीची चार बदके पाडिली. न बोलणे, न हसणे. मग बंदूक रिकामी करून बाजूस ठेविली आणि चहा मागितला. इकडे प्रतापरावांनी तुफान मारा केला, आभाळास जागोजाग जखमा केल्या, एक प्लॅस्टिकचे बदक जायबंदी केले, परंतु जिवंत शत्रू हाती लागेना. तेव्हा त्यांनी अर्ज गुदरला, "बाबा, माझे चार आणि दिगंबरचे चार पण तुम्हीच घ्या ना. आपण काय परके आहोत?"

बापू म्हणाले, "जावईबापू, कायदा माणशी आहे, कुटुंबाशी नाही. तुमचं तुम्ही मारा. पदकवाले ना तुम्ही?"

इतक्यात थापट्या बदकांचा थवा अगदी डोक्यावरून आला. प्रतापरावांची बंदूक भरलेली नव्हती, सबब ते दिगंबरपंतांस कोपराने ढोसून "दिग्या, मार" ऐसे म्हणाले. दिगंबरपंतांनी घाबरून डोळे गच्च मिटले आणि कायद्याने बंदुकीत जितकी काडतुसे मावतात, म्हणजे तीन, तितके बार त्याच भरात काढले. तीन थापटे पाण्यात कोसळले. मग डोळे उघडून त्यांनी कापऱ्या आवाजात विचारिले, "कुणाला लागलं नाही ना रे?"

बापूंनी त्यांचे तोंड पाहिले आणि म्हणाले, "छे हो. दमले होते बिचारे, उतरले." दिगंबरपंतांस हायसे वाटले आणि ते पोहे वाढू लागले. प्रतापरावांनी गुपचूप पाण्यात उतरून ते तिन्ही दमलेले पक्षी आणिले.

येथे मोठी चूक जाहली. ज्याची त्याची वेगळी ठेवावी हा कायदा, परंतु आपल्या मंडळींत एका चुलीवर शिजणारे ते एका ढिगात, हा शिरस्ता. सातही पक्षी एका जुन्या चादरीवर रचिले आणि फौज पोहे खाण्यात गुंतली. तोच बांधावरून त्या मुलखाच्या शिकारीवरील अंमलदार वॉर्डनबाई, उंच, गळ्यात दुर्बीण, चालत आल्या, परवाने पाहिले, ढीग पाहिला आणि सवाल केला की, यात कोणाची किती?

बापूंनी कायदा पाठ केला होता, पण परक्या अंमलदारापुढे जावयाचा मान राखणे हे त्याहून जुने पाठ होते. ते छाती काढून आपल्या इंग्रजीत बोलले की, सगळी माझ्या जावयाची. सात. प्रतापरावांनी दचकून, वडीलधाऱ्यांपुढे आपण मोठेपणा घ्यावा कैसा, म्हणून हात जोडून सांगितले की, छे छे, सगळी बाबांचीच. पुन्हा सात. "तुमची हो." "नाही नाही, तुमचीच." पंगतीत जिलेबी सरकवावी तैसा गुन्हा एकमेकांकडे सरकू लागला. वॉर्डनबाईंनी शांतपणे हुकूम ऐकविला की, ज्याची सात त्याची तीन जास्त, त्याला दंड आणि बंदुकीची जप्ती. दोघांची सात असल्यास दोघांस.

जप्तीचे नाव निघताच बापूंचे तोंड उतरले. ते मराठीत पुटपुटले, "झालं. आता लेकीला कुठल्या तोंडानं सांगू? उद्याचंच तिकीट काढा." प्रतापरावांचे डोळ्यांपुढे ओट्यापाशी उभी सुनेत्राबाई दिसो लागली. मग त्यांनी एक शेवटची चाल केली: चार बाबांची, तीन माझी.

वॉर्डनबाई म्हणाल्या की, मी उजाडल्यापासून त्या बांधावर आहे आणि सकाळपासून तुम्हालाच बघते आहे, कारण इतके बार काढून एकही पक्षी न पाडलेला माणूस माझ्या नोकरीत पाहिला नव्हता. आणि दुर्बीण दिगंबरपंतांकडे वळवून बोलल्या की, तीन यांची.

दिगंबरपंतांचे हातातील बशी कलली. "मॅडम, आय ॲम व्हेजिटेरियन."

बाईंनी निवाडा दिला की, कायदा खातो काय हे विचारत नाही, मारतो काय हे विचारतो. मात्र ते स्वतः कबूल होतील तर कोणाचेच जास्त होत नाही.

आता सगळे प्रतापरावांवर आले. त्यांनी सासऱ्यांकडे पाहिले, चिखलाकडे पाहिले, आणि मग उभ्या जन्मात कोणा जावयाने केले नाही ते केले. म्हणाले, "बाबा, मी एकही मारलं नाही. मला येतच नाही. ते पदक ढोलाचं होतं." आणि मग मित्राकडे वळून, "दिग्या, ते दमले नव्हते रे. तुझेच आहेत."

दिगंबरपंत मटकन खाली बसले. ओठ हलले, बहुधा देवाचे नाव होते. मग त्यांनी हळूच मान वर केली.

"तिन्ही?"

"तिन्ही."

"डोळे मिटून?"

"गच्च."

दिगंबरपंत उठले, विजारीवरचा चिखल झटकला आणि वॉर्डनबाईंपुढे जाऊन, ऑफिसात कधी न काढिलेल्या खणखणीत आवाजात कबूल जाहले की, तीन माझी. आणि मग जरा थांबून विचारते जाहले की, म्हणजे मॅडम, माझं अजून एक बाकी आहे का?

बाईंस हसू आवरेना. त्यांनी जप्ती माफ केली, ढिगाबद्दल सक्त ताकीद दिली आणि ज्याची त्याने उचलावी ऐसा हुकूम फर्माविला. बापूंनी चार उचलली. दिगंबरपंतांनी तीन उचलली, मान दुसरीकडे करून, पण छाती काढून. प्रतापरावांनी प्लॅस्टिकची सगळी उचलली.

व्हॅन परतीस लागली. मग बापूंनी घसा खाकरला. "खांदा ढिला धरता तुम्ही. आणि पक्षी असतो तिथं मारता. तो पुढे जातो, प्रतापराव. पुढे मारायचं. हे एका दिवसाचं काम नाही." आणि पुलावरून पाणी दिसेनासे होईतो मागे पाहत म्हणाले, "सुनेत्राला सांगा, तिकिटाचं राहू दे. एवढा मोठा इंजिनियर, आणि घरात शिकवायला कुणी नाही."

येणेप्रमाणे सदरहू मोहिमेत राजारामबापूंचे नावे चार, दिगंबरपंतांचे नावे तीन आणि प्रतापरावांचे नावे शून्य पक्षी रुजू जाहले. सासरा फ्रीमाँटास कायम राहिला. सुनेत्राबाईंनी वेशीवर, म्हणजे ड्राइव्हवेवर, हसतमुखाने स्वागत केले. आणि फत्ते शून्यवाल्याची जाहली, हे सर्वांनी मान्य केले असे.