फोनवरून शिजणारी हळद

दिगंबर फोनवर कधी हॅलो म्हणायचा नाही. ‘काडी टोचली का?’ असं थेट विचारायचा.

कुरुंद्याच्या स्टँडवर माझा एसटीडी बूथ होता तेव्हाची ही गोष्ट. दिगंबर माझा शाळासोबती. पुण्याच्या एका कंपनीची कामं लॅपटॉपवर करायचा आणि पुणं सोडून जगात कुठंही राहायचा. कधी थायलंड, कधी मलेशिया. व्हिसा संपला की गाशा गुंडाळायचा. गावातल्या बाया त्याच्या आईला, काशीमावशीला, विचारायच्या, “पोराचं हापिस कुठं हाय?”

“त्याच्या पिशवीत,” मावशी सांगायची.

पिशवीत ऑफिस असलेल्या माणसाला मुलगी कोण देणार? दिगंबर बिनलग्नाचाच राहिला. गावात त्याचं उरलं होतं काय, तर आई आणि दोन एकर हळद.

फेब्रुवारीत हळद शिजायला लागली की त्याला राहवायचं नाही. कढईतल्या हळदीला काडी टोचायची, आरपार गेली की शिजली, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. दिगंबर तेच बँकॉकहून शिकवायचा. “वाफ पांढरी येऊन राहिली का? जाळ एकसारखा ठेवा. बराबर?” दर वाक्याला ‘बराबर?’ ठरलेलं. गाव जितकं लांब तितका आवाज मोठा लागतो, अशी त्याची पक्की समजूत. रिसीव्हर हातभर लांब धरला तरी स्टँडवरची माणसं हळदीत तरबेज होत होती.

कढई सांभाळायचे शेजारच्या बंजारा तांड्यावरचे सोमलाकाका. नुसत्या वासावर हळद उतरवणारा माणूस. रोज दुपारी बारा वाजता फोन यायचा, की मी दिगंबरला मनातल्या मनात शिव्या घालत सायकल रानात पिटाळायचो आणि काकांना डबलसीट घेऊन यायचो. काका सगळं ऐकून “व्हय रे दिगू” म्हणायचे आणि परत जाऊन आपल्या नाकाचं ऐकायचे.

एकदा परतताना मागून म्हणाले, “आमचे आजे बैलांवर मीठ लादून मुलूख हिंडले. पर संगं अख्खा तांडा राहायचा. ह्या पोरासंगं कोन हाय?” मला चढ लागला होता. मी उभं राहून पायडल मारत राहिलो.

मग एके वर्षी दिगंबरनं कहर केला. अर्धा तास तो एकच गोष्ट बजावत होता. “काका, कढईजवळून हलायचं न्हाई. काही झालं तरी न्हाई. बराबर?”

काका माझ्या बूथमध्ये उभे राहून मान डोलवत होते. रानात कढईजवळ कोणीच नव्हतं. आम्ही पोचलो तोवर हळदीचा लगदा झाला होता.

दुसऱ्या दिवशी बाराला काशीमावशी स्वतः बूथवर आली. फोन उचलून म्हणाली, “दिगू, रान सोमलाभाऊला बटईनं, अर्ध्या वाट्यावर, देऊन राहिले मी.”

तिकडून भडिमार सुरू झाला. बेणं मोडेल, रान नासेल, पाणी कोण बघेल, पुढच्या साली मी येतो.

“मागल्या साली बी हेच म्हनला होतास. माह्यानं आता होत न्हाई. तू येऊन न्हाई राहिला. मंग काहून न्हाई म्हनतोस?”

आवाज एकदम खाली आला. पहिल्यांदाच मला त्याचं बोलणं ऐकायला पुढं वाकावं लागलं.

“रान दिलं तर मी रोज फोन कशाला करू, माय?”

इतकी वर्षं मी या माणसावर चिडत होतो, त्याची मला लाज वाटली. हळदीतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. गावाकडून रोज कुणीतरी ‘व्हय’ म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं.

मावशीनं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. “रान तं मी देनारच. फोन मला कर. माय जेवलीस का, म्हून इचार. इतक्या सालात एकडाव इचारलं न्हाईस.”

खरखरीतून आवाज आला.

“जेवलीस का, माय?”

“न्हाई आजून. तू?”

“न्हाई.”

“मंग घे काही वाढून. फोन ठिवू नको.”

मी माझा डबा उघडून मावशीपुढं ठेवला आणि बाहेर जाऊन उभा राहिलो.